बोअरनं भरलेला नवा स्विमिंग पूल: पीएच दर तिसऱ्या दिवशी ८.२ वर का जातो आणि तो थांबवायचा कसा

तक्रार साधारण अशी असते. फार्महाऊसवर नवा पूल बांधला, बोअरनं भरला, फिल्टर सुरू केला. पीएच मोजला तर ८.२. कुणीतरी सांगितलं म्हणून लिटरभर ॲसिड टाकलं, पीएच ७.४ वर आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा ८.२. परत ॲसिड, परत तेच. मधल्या काळात पाण्याच्या रेषेला टाइल्सवर पांढरा थर धरतो, नखानं खरवडला तरी निघत नाही. दुपारी पाण्याला दुधाळ झाक येते. क्लोरीन रात्री टाकलं तर दुसऱ्या दिवशी चारपर्यंत शून्य. महिन्याभरात शिडीच्या पायरीखाली हिरवी बुळबुळ दिसायला लागते.

नाशिकजवळच्या गिरणारे, मखमलाबाद, दिंडोरी, त्र्यंबक रस्ता, या सगळ्या पट्ट्यात जमिनीखाली काळा बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांतून आलेलं बोअरचं पाणी सोबत बायकार्बोनेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. ठिबकच्या ड्रिपरच्या तोंडाशी जो पांढरा क्षार बसतो, ज्यासाठी लॅटरलमधून ॲसिड सोडावं लागतं, तोच क्षार इथे टाइल्सवर बसतो. ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांना अर्धं उत्तर आधीच ठाऊक आहे, फक्त ते पूलला लावून बघितलेलं नसतं.

पीएच वर जातो कशामुळे

पीएचचा पाठलाग करून हा प्रश्न सुटत नाही, कारण दोष टोटल अल्कलिनिटीत असतो. अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटचा साठा. हा साठा जितका मोठा, तितका पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त. हा वायू हवेत निघून जातो आणि तो गेला की पीएच चढतो. ॲसिड टाकलं की बायकार्बोनेटचा थोडा भाग पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो, पीएच खाली येतो, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत तो वायू उडून गेला की पीएच मूळ जागी परततो. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडं ठेवल्यावर जे होतं तेच.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक बादली पुरते. बोअर दहा मिनिटं चालू द्या, मग बादली भरा आणि लगेच पीएच मोजा. बहुतेक वेळा ७.१ ते ७.४ असा छान आकडा येतो आणि माणूस फसतो. आता त्याच बादलीत फिश टँकचा छोटा एअर पंप रात्रभर सोडा आणि सकाळी पुन्हा मोजा. आकडा ८.३ च्या आसपास गेलेला असेल. बादलीत जे एका रात्रीत झालं ते पूलमध्ये तीन दिवसांत होतं, इतकाच फरक. बादलीच्या कडेला वाळल्यावर राहिलेली पांढरी रेषाही बघून ठेवा, टाइल्सवर हीच येणार आहे.

नव्या पूलमध्ये यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे ताजं सिमेंट. प्लास्टरमधून आणि टाइल्सच्या सिमेंटच्या ग्राउटमधून चुना पाण्यात उतरत राहतो आणि पीएच वर ढकलतो. पहिले चार आठवडे हे जोरात चालतं, नंतर हळूहळू कमी होतं. इपॉक्सी ग्राउट असेल तर हा त्रास बराच कमी. दुसरी म्हणजे शोभेचा धबधबा. पाणी जितकं उडेल, आपटेल, फेसाळेल, तितका वायू लवकर निघेल. पाहुणे येतील तेव्हाच धबधबा सुरू करायचा हा नियम केला तरी ॲसिडचा खर्च डोळ्यांत भरेल इतका उतरतो.

आधी मोजमाप, मग औषध

पूलमध्ये पाणी किती हे माहीत नसताना केलेला प्रत्येक डोस अंदाजपंचे असतो. फुटांत लांबी, रुंदी आणि सरासरी खोली गुणा आणि त्याला २८.३ नं गुणा, लिटर मिळतात. २० फूट बाय १० फूट, एका टोकाला ३ आणि दुसऱ्या टोकाला ५ फूट खोल, म्हणजे सरासरी ४ फूट: ८०० घनफूट, साधारण २२,६०० लिटर. पुढची सगळी उदाहरणं याच पूलची आहेत. गोल पूल असेल तर व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले सरासरी खोली, मग २८.३.

मग पाण्याची तपासणी. दुकानात मिळणारं दोन बाटल्यांचं किट, ज्यात एक पिवळी पट्टी आणि एक लाल पट्टी असते, ते या कामाला अपुरं आहे. पिवळा रंग देणारी चाचणी एकूण क्लोरीन सांगते. त्यातलं कामाचं, म्हणजे मोकळं क्लोरीन किती, हे त्यातून कळत नाही. शिवाय अल्कलिनिटी त्यात नसतेच. मोकळ्या क्लोरीनसाठी गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी, अल्कलिनिटी आणि कॅल्शियम हार्डनेसच्या थेंब मोजायच्या चाचण्या, आणि सायन्युरिक ॲसिडची (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन) चाचणी असलेलं किट घ्या. एकदाचा खर्च आहे, पण वाया गेलेल्या दोन कॅन ॲसिडपेक्षा स्वस्त पडतो.

हार्डनेसच्या बाबतीत एक घोळ हमखास होतो. पट्टीवर किंवा किटवर ‘टोटल हार्डनेस’ लिहिलं असेल तर त्यात मॅग्नेशियमही मोजलं जातं, आणि आपल्या बेसाल्टच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर असतं. टाइल्सवर बसणारा थर कॅल्शियमचा. त्यामुळे आकडा कॅल्शियम हार्डनेसचाच हवा.

बागेसाठी काढलेला पाणी परीक्षण अहवाल घरात असेल तर तो शोधा, निम्मं काम त्यातच झालेलं असतं. बायकार्बोनेट मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये दिलेलं असेल तर त्याला ५० नं गुणा, अल्कलिनिटी पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) मिळते. कॅल्शियमलाही ५० नंच गुणा, कॅल्शियम हार्डनेस मिळतो. अहवालात मिलिग्रॅम प्रति लिटर असं एकक असेल तर बायकार्बोनेटला ०.८२ नं आणि कॅल्शियमला २.५ नं गुणायचं. समजा अहवालात बायकार्बोनेट ५.६ आणि कॅल्शियम ६ आहे. म्हणजे अल्कलिनिटी २८०, हार्डनेस ३००.

आता हे पाणी टाइल्सवर थर का धरतं ते एका बेरजेत दिसतं. पूलवाले ज्याला लँगलियर इंडेक्स म्हणतात तो असा काढतात: पीएच, अधिक तापमानाचा आकडा, अधिक हार्डनेसचा आकडा, अधिक अल्कलिनिटीचा आकडा, वजा १२.१. पाणी २९ अंश असेल तर तापमानाचा आकडा ०.७. हार्डनेस ३०० साठी २.१. अल्कलिनिटी २८० साठी २.४. पीएच ८.२ धरला तर बेरीज १.३ येते. उत्तर शून्याच्या जवळ हवं, उणे ०.३ ते अधिक ०.३ यात. १.३ म्हणजे पाणी चुना बाहेर टाकायला टपलेलं आहे. हेच पाणी अल्कलिनिटी ८० आणि पीएच ७.६ वर आणलं तर अल्कलिनिटीचा आकडा १.९ होतो आणि उत्तर ०.२ येतं. हार्डनेसला हातही लावला नाही, तरी थर बसणं थांबतं. म्हणून आपल्याकडे पाणी जड असलं तरी पूल चालवता येतो, टँकरनं मऊ पाणी आणून भरायची गरज नसते.

अल्कलिनिटी खाली आणायची पद्धत

हिशोब आधी करा. १०,००० लिटर पाण्यात अल्कलिनिटी १० पीपीएमनं उतरवायला ३० ते ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण २०० मिली लागतं. २२,६०० लिटरमध्ये २८० वरून ८० वर यायचं, म्हणजे २०० पीपीएम उतरवायचे: सुमारे ९ लिटर. हे एका दमात टाकायचं नाही. एकदम टाकलं तर पीएच धोकादायकरीत्या कोसळेल, ग्राउट खाल्लं जाईल, हीटरचा तांब्याचा भाग आणि स्टीलची शिडी खराब होईल.

लादी धुवायला म्हणून सुटं मिळणारं ॲसिड वापरू नका. त्याची ताकद दर कॅनला वेगळी असते आणि त्यावर कुठलाच हिशोब बसत नाही. टक्केवारी छापलेला सीलबंद कॅनच घ्या.

पहिल्या फेरीत सुमारे पावणेदोन लिटर ॲसिड लागेल, तेही दोन भागांत. पंप चालू ठेवा. हातमोजे, चष्मा, पायात गमबूट. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा. प्लास्टिकच्या बादलीत आधी पूलचं पाणी घ्या आणि त्यात ॲसिड ओता, उलट कधीही करू नका. मग खोल बाजूला, जिथून फिल्टरचं पाणी परत येतं त्या तोंडासमोर बारीक धारेनं सोडा. अर्ध्या तासानं दुसरा भाग. तासाभरानं पीएच मोजा. तो ७.१ च्या आसपास आला की थांबा. प्लास्टर महिन्याभराच्या आतलं असेल तर ७.२ च्या खाली जाऊ नका, फेऱ्या एक-दोन जास्त लागतील इतकंच.

या एका फेरीत अल्कलिनिटी साधारण ४० पीपीएमनं उतरते आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइडचा मोठा साठा तयार होतो. आता धबधब्याचं खरं काम आहे. तो पूर्ण सोडा, रिटर्नची तोंडं वर वळवा म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग खळबळत राहील, कॉम्प्रेसर असेल तर नळी तळाशी सोडा. पीएच आपोआप ७.६ ते ७.८ पर्यंत चढेल, एक-दोन दिवस लागतील. तो चढला तरी अल्कलिनिटी वर येत नाही, सगळी युक्ती एवढ्यातच आहे. पुन्हा ॲसिड, पुन्हा हवा. पुढच्या फेऱ्यांत ॲसिड कमी लागतं, कारण साठा आटत चाललेला असतो. आठ-दहा फेऱ्यांत, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत, ८० गाठता येतं.

मध्येच घाई करून पीएच चढवायला सोडा टाकणारे बरेच आहेत. कृपया टाकू नका. खाण्याचा सोडा अल्कलिनिटी वाढवतो आणि धुण्याचा सोडा अल्कलिनिटी आणि पीएच दोन्ही वाढवतो. आठवडाभराची मेहनत एका पुड्यात पुसली जाते. कुठल्याही यादीत ‘नव्या पूलला ५ किलो सोडा’ असं लिहिलेलं दिसलं तर ती यादी बोअरच्या पाण्यासाठी लिहिलेली नाही.

एकदा अल्कलिनिटी बसली की नंतरचं काम हलकं. अल्कलिनिटी १०० च्या आसपास असताना १०,००० लिटरमध्ये पीएच ८.० वरून ७.५ वर आणायला १०० ते १५० मिली ॲसिड पुरतं. रोज ७.४ वर ओढायची गरज नाही. ७.८ च्या वर गेला की ७.५ ला आणायचा, मधल्या आकड्यांना हात लावायचा नाही.

नळाच्या पाण्यानं पूल भरला असेल तर गोष्ट वेगळी. गंगापूर धरणाचं पाणी बोअरपेक्षा मऊ. अल्कलिनिटी ६० च्या खाली निघाली तर पीएच दोन्ही बाजूंना हेलकावे खातो. तिथे मात्र खाण्याचा सोडा लागतो: १०,००० लिटरला १७० ग्रॅम टाकला की १० पीपीएम वाढ. टँकरचं पाणी कुठून भरलं हे टँकरवालाही दर वेळी सांगू शकत नाही, त्यामुळे प्रत्येक टँकरचा नमुना रिकामा होण्याआधी बाटलीत काढून ठेवा.

क्लोरीन टिकत नाही

आधी एक रात्र द्या. सूर्य मावळल्यावर मोकळं क्लोरीन मोजा, पंप चालू ठेवा, काहीही टाकू नका, आणि सूर्य उगवायच्या आत पुन्हा मोजा. रात्रीत १ पीपीएमपेक्षा जास्त उतरलं असेल तर पाण्यात क्लोरीन खाणारं काहीतरी आहे: शेवाळ, पानं, घाण. रात्री जवळपास तेवढंच राहिलं आणि दिवसा संपलं, तर ऊन खातंय. दोन्हीचे इलाज वेगळे आहेत आणि न तपासता दुप्पट क्लोरीन ओतणं हा कशाचाच इलाज नाही.

ऊन खात असेल तर सायन्युरिक ॲसिड कमी आहे. याला दुकानात स्टॅबिलायझर म्हणतात. ते अजिबात नसेल तर नाशिकच्या एप्रिल-मेच्या दुपारी तासाभरात निम्मं क्लोरीन उडतं. उघड्या पूलला ३० ते ५० पीपीएम हवं. १०,००० लिटरला ४०० ग्रॅम टाकलं की ४० पीपीएम, म्हणजे आपल्या पूलला ९०० ग्रॅम. हे लवकर विरघळत नाही. जुन्या मोज्यात भरून रिटर्नच्या तोंडासमोर बांधा, अधूनमधून हातानं दाबा. आठवडा होईपर्यंत त्याची चाचणी करू नका, आकडा खरा येत नाही. ते पाण्यात असताना अल्कलिनिटीच्या आकड्यातून त्याचा एक तृतीयांश वजा करायचा. चाचणीत ८० आलं आणि स्टॅबिलायझर ३९ असेल तर खरी अल्कलिनिटी ६७.

चाचणी करताना एक गोष्ट जवळून बघा. कधीकधी डीपीडीचा थेंब पडताच नमुना क्षणभर गुलाबी चमकतो आणि लगेच पाण्यासारखा स्वच्छ होतो. पाहणारा म्हणतो क्लोरीन शून्य, आणि अजून टाकतो. प्रत्यक्षात क्लोरीन इतकं जास्त असतं की ते रंगालाच खाऊन टाकतं. शंका आली तर एक भाग पूलचं पाणी आणि चार भाग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर मिसळून मोजा, आलेल्या आकड्याला पाचनं गुणा. क्लोरीन १० पीपीएमच्या वर असताना पीएचची चाचणीही खोटी बोलते, लालऐवजी जांभळा रंग येतो आणि पीएच भलताच जास्त वाटतो. अशा वेळी ॲसिड टाकू नका.

कुठलं क्लोरीन वापरायचं हा पुढचा प्रश्न, आणि बोअरच्या पूलला तो महत्त्वाचा आहे. कॅल्शियम हायपोक्लोराइट, म्हणजे ६५ टक्क्यांची पांढरी पूड, प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे निदान ७ पीपीएम कॅल्शियम सोडते. पाणी आधीच जड असताना ही भर कशाला? टीसीसीएच्या, म्हणजे क्लोरीन आणि सायन्युरिक ॲसिड एकत्र असलेल्या गोळ्या सोप्या वाटतात आणि त्या आम्लधर्मी असल्यानं बोअरच्या पाण्याचा पीएचही थोडा खाली धरतात, पण प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात राहतं. रोज ३ पीपीएम लागत असेल तर महिन्यात ५४. दोन महिन्यांत शंभरी ओलांडते, क्लोरीन पाण्यात असूनही काम करत नाही, आणि ते काढायचा एकच व्यवहार्य मार्ग उरतो, निम्म्याहून जास्त पाणी बदलणं.

तेव्हा पहिले तीन आठवडे टीसीसीए वापरून सायन्युरिक ॲसिड ४० वर आणायचं (मग वेगळं स्टॅबिलायझर टाकायची गरज नाही, या काळात अल्कलिनिटी १०० च्या आसपास ठेवली तरी चालते), आणि नंतर लिक्विड क्लोरीनवर यायचं, हा क्रम आपल्याकडे सगळ्यात बरा बसतो. तेवढं थांबायचं नसेल तर स्टॅबिलायझर थेट टाकून पहिल्या दिवसापासून लिक्विड वापरा. १० टक्क्यांचं ताजं सोडियम हायपोक्लोराइट १०,००० लिटरला १०० मिली टाकलं की १ पीपीएम. आपल्या पूलला ३ पीपीएमसाठी सुमारे ६८० मिली, संध्याकाळी उशिरा. ते उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये झपाट्यानं मरतं. उन्हाळ्यात आठवड्यापुरतंच आणा आणि पंप रूममध्ये न ठेवता सावलीच्या, हवेशीर जागी ठेवा.

मोकळं क्लोरीन स्टॅबिलायझरच्या ७.५ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. स्टॅबिलायझर ४० असेल तर किमान ३ पीपीएम. ‘१ पीपीएम पुरतं’ हे वाक्य स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यासाठी आहे.

गोळ्यांबद्दल दोन इशारे, दोन्ही गंभीर. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र, एका डब्यात, एका मापानंसुद्धा हाताळू नका. त्यातून आग लागते, स्फोट होतो. आणि ॲसिड व क्लोरीन कुठल्याही रूपात जवळ आलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्हींचे कॅन वेगळ्या खोल्यांत, बादल्या वेगळ्या. गोळ्या स्किमरमध्ये (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडात) ठेवायची सवयही मोडा. पंप बंद असताना तिथे तीव्र आम्लाचं पाणी साठतं आणि पंप सुरू होताच ते थेट इम्पेलर आणि सीलमधून जातं.

रात्रीतच क्लोरीन संपत असेल तर शेवाळ दिसो वा न दिसो, ते आहे असं धरा. पीएच आधी ७.२ ते ७.४ वर आणा, मग स्टॅबिलायझरच्या ४० टक्के, म्हणजे ४० ला १६ पीपीएम क्लोरीन चढवा. यालाच शॉक म्हणतात. शून्यावरून सुरुवात असेल तर लिक्विड ३.६ लिटर. भिंती, कोपरे, शिडीमागची जागा ब्रशनं घासा, कारण बुळबुळीच्या थराखालचं शेवाळ क्लोरीनला सापडत नाही. दिवसातून दोन-तीनदा मोजून पुन्हा १६ वर आणत राहा. रात्रीची घट १ पीपीएमच्या खाली येईपर्यंत, पाणी काचेसारखं होईपर्यंत थांबायचं नाही. अर्धवट सोडलेलं शॉक पुढच्या आठवड्यात पुन्हा करावं लागतं. या काळात कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका.

मोरचूद नको

द्राक्षवाल्या घरात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, कायम असतं, बोर्डो मिश्रणासाठी. हिरवं पाणी दिसलं की मूठभर मोरचूद टाकायचा मोह होतो, आणि शेवाळ मरतंही. पण तांबं पाण्यातून जात नाही. बोअरच्या चढ्या पीएचला ते प्लास्टरवर निळसर-काळ्या डागांनी बसतं, आणि पोहणाऱ्यांच्या, विशेषतः पांढऱ्या केसांना हिरवट छटा देतं. नव्या पांढऱ्या प्लास्टरवरचे हे डाग काढणं फार जिकिरीचं. शेततळ्याची गोष्ट वेगळी, पूलमध्ये मोरचूद नको.

पाणी हिरवं पण आरपार स्वच्छ दिसत असेल, तळाचे स्क्रू मोजता येत असतील, तर ते शेवाळ नसून धातू असण्याची शक्यता जास्त. क्लोरीन टाकताच पाणी चहासारखं तपकिरी झालं तर लोह. अशा पाण्यात क्लोरीन वाढवत गेलं की डाग पक्के होतात. डागावर व्हिटॅमिन सीची गोळी मिनिटभर घासून बघा. तो फिका पडला तर लोहाचा आहे.

दुधाळ पाणी

पांढरेपणा कशाचा हे ठरवायला टाइल्सवरचा थर थोडा खरवडून काचेच्या वाटीत घ्या आणि त्यावर ॲसिडचे दोन थेंब टाका. फसफसून विरघळला तर कॅल्शियम, आणि इलाज वर सांगितलेला अल्कलिनिटीचा. पहिल्या दोन आठवड्यांत नव्या प्लास्टरवरून सुटणारी पांढरी पूड वेगळी. ती दिवसातून दोनदा ब्रशनं सोडवून फिल्टरला द्यायची. ती तळाशी तशीच राहिली तर कायमची चिकटते.

अनेकदा मात्र रसायन ठीक असतं आणि वाळूचा फिल्टरच तुंबलेला असतो. फिल्टर स्वच्छ असतानाचा गेजवरचा आकडा मार्करनं फिल्टरवरच लिहून ठेवा. तो ८ ते १० पीएसआयनं वाढला की बॅकवॉश (उलट दिशेनं पाणी सोडून वाळू धुणं), काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटं, मग अर्धा मिनिट रिन्स. पंप बंद केल्याशिवाय मल्टिपोर्टचा (फिल्टरवरची पाण्याची दिशा बदलणारी झडप) दांडा फिरवायचा नाही. उगाच रोज बॅकवॉश करू नका, किंचित मळलेली वाळूच बारीक कण जास्त धरते.

तुरटी चालते, पण पद्धतीनं. १०,००० लिटरला साधारण ३०० ग्रॅम, बादलीत विरघळवून, मल्टिपोर्ट ‘रिसर्क्युलेट’वर ठेवून अर्धा तास फिरवा, मग पंप बंद करून रात्रभर थांबा. सकाळी तळाला बसलेला गाळ व्हॅक्यूमनं ‘वेस्ट’वर बाहेर काढा. तो फिल्टरमधून नेला तर वाळूच्या गाठी होतात. तुरटीनं अल्कलिनिटी १० ते १५ पीपीएम उतरते, त्यामुळे नंतर मोजणं आलंच.

सगळं बसल्यावरही पुन्हा का बिघडतं

उन्हाळ्यात पाणी उडतं, पण क्षार मागे राहतात, आणि आपण वरून पुन्हा बोअर सोडतो. आपल्या पूलचा पृष्ठभाग २०० चौरस फूट आहे. आठवड्याला ५ सेंटीमीटर पातळी उतरली तर सुमारे ९३० लिटर भरावं लागतं. त्या पाण्यात अल्कलिनिटी २८० आणि हार्डनेस ३०० असेल, तर दर आठवड्याला पूलची अल्कलिनिटी ११ आणि हार्डनेस १२ पीपीएमनं चढतो. अल्कलिनिटी ॲसिडनं उतरते, दर आठवड्याला अर्धा लिटर त्यासाठी धरूनच चाला. हार्डनेस ॲसिडनं उतरत नाही. फेब्रुवारी ते मे या सोळा आठवड्यांत ३०० चा जवळपास ५०० होतो. झाकण घालणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, रात्रीपुरतं घातलं तरी भरायचं पाणी बरंच वाचतं.

पाऊस हा फुकटचा मऊ पाण्याचा साठा आहे. २०० चौरस फुटांवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १,८६० लिटर थेट पूलमध्ये येतं. पहिल्या दोन-तीन सरींनंतर छत धुऊन निघालं की छताचं पाणीही जाळी लावून पूलकडे वळवा आणि जादा पाणी ओव्हरफ्लोनं जाऊ द्या. जुलै-ऑगस्टमध्ये हार्डनेस ३०० च्या खाली आणायचा हाच मार्ग. त्याबरोबर स्टॅबिलायझर आणि क्लोरीनही वाहून जातं, म्हणून पावसाळ्यात स्टॅबिलायझर दर महिन्याला आणि मोठ्या सरींनंतर क्लोरीन लगेच मोजायचं. हार्डनेस २०० च्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर पाणी ग्राउटमधून चुना ओढायला लागतं.

पाणी बदलण्यासाठी पूल पूर्ण रिकामा करायचा विचार पावसाळ्यात करू नका. बाहेर जमिनीत पाणी भरलेलं असतं आणि आतला भार गेला की फायबरचं शेल वर उचललं जातं, काँक्रीटच्या पूलला तडे जाऊ शकतात. एका वेळी एक तृतीयांशच बदला.

बाहेर काढलेलं पाणी बागेत सोडण्याआधी क्लोरीन शून्य होऊ द्या, चार-पाच दिवस काहीही न टाकता उन्हात राहिलं की होतं. तरीही वर्षभर ॲसिड आणि हायपोक्लोराइट पडलेल्या पाण्यात क्लोराइड आणि सोडियम साठलेलं असतं, आणि द्राक्षवेलीला क्लोराइड सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. ते पाणी वेलीच्या ओळींत न सोडता बांधाच्या पडीक कडेला सोडा, किंवा विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरनं मोजून बोअरपेक्षा कमी निघालं तरच बागेत घ्या.